वाकडा सुळा

कवळीवाल्या काकांना माणसं चेहऱ्यानं कमी आणि दातांनी जास्त ठाऊक. शहरातले सगळे दातांचे डॉक्टर त्यांच्याकडेच तोंडाचे साचे पाठवत. डब्यावर नाव नसे, नुसता नंबर.

त्या दुपारी नदीपलीकडच्या डॉक्टरीणबाईंचा डबा आला. साचा हातात घेतला आणि काका चरकले. पुढचे दात हिरडीपाशी कुरतडलेले, दाढा घासून सपाट. चिठ्ठीत लिहिलं होतं: वरचे सहा काढायचेत, नवे सरळ हवेत. वय चोवीस.

असली तोंडं हल्ली येत. बाईंनीच एकदा सांगितलं होतं, "जागं राहायच्या गोळ्या घेतात हो. तोंड कोरडं पडतं, मग दिवसभर गोड सोडा ढोसतात. वर जबडा आवळून करकरा दात खातात. राहणार काय?"

पण काकांची नजर डाव्या सुळ्यावर खिळली. वाकडा, शेजारच्या दातावर चढलेला. त्यांची जीभ आपसूक स्वतःच्या सुळ्यावर गेली. "सरळ करून घेऊ," असं त्यांनी लेकीला कितीदा म्हटलं होतं. "राहू दे बाबा, तुमच्यासारखाच आहे," म्हणायची.

लेक पार्सलच्या गोदामात दोन-दोन पाळ्या करायची. बॅगेत सोड्याची बाटली कायम. कित्येक महिने तोंडावर हात धरून हसत होती, आणि हा शहाणा बाप म्हणत होता, पोरगी लाजरी झाली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काकांना स्वतःची भयंकर चीड आली.

त्यांनी मेणात पाच दात सरळ बसवले. सहावा मुद्दाम वाकडा.

संध्याकाळी लेक आली ती बाटली तोंडाला लावूनच. टेबलापाशी थबकली.  साचा तिचा नसला तर? देवा, तिचा नसू दे.

"हा वाकडा का?" ती हाताआडून म्हणाली. "सरळ सांगितले होते ना?"

बोलून गेली आणि पांढरीफटक पडली.

"तोंड उघड, बाळ."

"बाबा, नको."

"उघड."

तिनं उघडलं. तीस वर्षं काकांनी नुसते साचेच हाताळले होते. साच्याला रक्त नसतं, वास नसतो.

"गोळ्या दे."

तिनं खिशातून एक पुडी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. काकांनी हात मागे घेतला नाही. "सगळ्या."

 ती खाली बसली आणि बुटाची नाडी सोडू लागली.