शनिवारीसुद्धा एकटा

कोलमन टूमी आमच्या बेकरीची गाडी चालवायचा. आयर्लंडमधल्या अर्ध्या कॉर्क शहराचा सकाळचा पाव त्याच्या हातून जायचा. पाठ धरली तेव्हा मालकाने त्याला अर्ध्या दिवसाचं काम दिलं, आणि त्याच वर्षी त्याचा संसारही मोडला. बायको ऑर्ला आणि नऊ वर्षांची एथ्ना जुन्या घरात राहिल्या. शनिवार-रविवार मुलगी बापाकडे, असं ठरलं.

पण बापाकडे म्हणजे कुठे? अर्ध्या पगारात त्याला भाडं झेपेना, म्हणून त्याने सरकारच्या भाडेमदतीसाठी अर्ज केला. मदत मंजूर झाली, पण एकट्या माणसापुरती. तेवढ्या पैशांत मिळाली ती चार पुरुषांच्या घरातली एक खोली. घरमालकाची अट होती, मुलं मुक्कामाला आणायची नाहीत.

मग शनिवारी दोघं नुसती फिरायची. वाचनालय बंद होईपर्यंत तिथे, नंतर चिप्सच्या दुकानात. पाऊस असला की बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि त्याच बसने परत यायची. संध्याकाळी तो तिला आईच्या दारात सोडायचा.

नोव्हेंबरात त्याला एक जागा सापडली. बंद पडलेल्या खाटकाच्या दुकानावर दोन खोल्या, मालकीण नेगलबाई, ऐंशीच्या घरातल्या. सरकारी मदतीवाला म्हटलं की बाकीचे मालक फोन ठेवून देत. या बाई म्हणाल्या, "पैसे सरकारचे असोत नाहीतर पोपचे, मला काय. पोरगी जिन्यावर धावेल का?"

"धावेल की," कोलमन म्हणाला.

"मग ये. घर फार गप्प झालंय."

भाडेमदतीच्या कचेरीत मी त्याच्यासोबत गेलो होतो. खिडकीमागची मुलगी स्वभावाने चांगली वाटली.

"दोन खोल्यांचं भाडं तुमच्या मर्यादेत बसत नाही. मुलगी आईच्या पत्त्यावर आहे. आमच्या लेखी तुम्ही एकटे."

"आणि शनिवारी?"

"शनिवारीसुद्धा."

"वरचे पैसे मी खिशातून भरतो."

"तुमच्या पगारात ते झेपणार नाहीत, म्हणून मंजूर होत नाही." ती खाली बघत म्हणाली, "मला खरंच वाईट वाटतं."

बाहेर येऊन तो पायरीवर बसला. टोपी गुडघ्यावर ठेवून त्या टोपीकडेच बघत राहिला. नेगलबाईंनी त्याच्यासाठी जागा काही दिवस अडवून धरली, मग त्यांच्या पुतण्याने ती विद्यार्थ्यांना दिली.

नाताळच्या आधी त्याने एथ्नाला मागच्या दाराने खोलीत आणलं आणि मुक्कामाला ठेवून घेतलं. घरातले बाकीचे तिघं गप्प राहिले, एकाने तर आपली रजई दिली. सकाळी घरमालक बॉयलर बघायला आला. स्वयंपाकघरात एथ्ना झोपण्याच्या कपड्यांत टोस्ट खात बसलेली.

"अट ठाऊक होती ना तुला?"

"होती."

"मग आठवडाभरात खोली सोड."

बसमध्ये एथ्नाने विचारलं, "बाबा, मी टोस्ट खोलीतच खाल्ला असता तर?" हे कोलमनने मला नंतर सांगितलं.

महिनाभर तो आमच्या सोफ्यावर झोपला. भाड्याची खोलीच नाही म्हणून मदतही बंद झाली. आता तो बेघरांच्या वसतिगृहात आहे. तिथे लहान मुलांना नेता येत नाही, म्हणून रविवारी दोघं आमच्या स्वयंपाकघरात भेटतात. माझी बायको काहीतरी कारण काढून मला बाहेर नेते.

गेल्या रविवारी परत आलो तर एथ्ना एवढ्यातच कोट चढवत होती. मैत्रिणीचा वाढदिवस होता म्हणे. कोलमन वाकून तिच्या कोटाची बटणं लावायला लागला. "मला येतं, बाबा," ती म्हणाली, पण त्याचे हात तिने बाजूला केले नाहीत.

"पुढच्या रविवारी?"

"बघते."

ती गेल्यावर मी किटली ठेवली.

"माझा चहा नको," तो म्हणाला. "उशीर झाला तर खाट दुसऱ्याला देतात."