लाल जाळीचा फ्रॉक

नाताळला आमच्या घरातल्या सगळ्या बायका-मुली एकाच कापडात असतात. सासूबाई हिंगोलीच्या बाजारातून अख्खा तागा आणतात. त्यातून त्यांचं झंपर, माझा आणि जाऊबाईंचा कुर्ता, जाऊबाईंच्या दोन्ही पोरींचे फ्रॉक. आम्ही चर्चला निघालो की गल्लीतले म्हणतात, बँडपार्टी निघाली. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला मला रडू आलं होतं, पुढं सवय झाली.

गेल्या वर्षी घरात आमची लेक आली होती. सहा वर्षांची, दत्तक घेतलेली. येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. संस्थेतल्या प्रत्येक फोटोत ती इतर मुलींसारख्याच फ्रॉकात उभी. हिला तरी यातून सोडवायचं, असं मी ठरवलं आणि नांदेडहून लाल जाळीचा घेरदार फ्रॉक आणला. सासूबाईंनी नाक मुरडलं.

"घरात एक कापड म्हंजे एक. तिलाच काहून येगळं?"

"तिनं जन्मभर गणवेशच घातलाय, आई," मी फणकारले. एकदा हट्टाला पेटले की मी कुणाचं ऐकत नाही. त्या आत निघून गेल्या आणि मला वाटलं, जिंकले.

जाऊबाई पोरींना घेऊन गोरेगावहून आदल्या दिवशीच आल्या होत्या. नाताळच्या सकाळी सगळ्याजणी निळ्या फुलाफुलांच्या कापडात तयार झाल्या. मी लेकीला लाल फ्रॉक घालून, रिबीन बांधून बाहेर आणलं. तिनं त्या दोघींकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. हातात करंजी दिली तर ती तशीच धरून उभी राहिली. थोड्या वेळानं पाहते तर बूट घालून दारात बसलेली, मांडीवर दप्तर. दप्तरात तिचे जुने कपडे आणि टूथब्रश.

"चर्चला दप्तर कशाला गं?" तिनं दप्तर आणखी जवळ ओढलं. लाडानं चढली, असं मला वाटलं. उपासनेला उशीर होत होता. नवऱ्यानं रिक्षा बोलावली, "चल बेटा" म्हणून तिचा हात धरला, तशी तिनं दाराच्या चौकटीला मिठीच मारली. रडली नाही, ओरडली नाही. बोटं पांढरी पडेपर्यंत नुसती धरून राहिली. हिला आपण नकोच आहोत, एवढंच मला सुचलं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

सासूबाई तिच्यापुढं खाली बसल्या. "काय झालं माय? कुठं दुखून राहिलं का?"

चौकट न सोडता तिनं विचारलं. "मला आता कोणाकडं देऊन राहिले?"

"देतंय कोण तुला?"

"तिथं ज्या पोरीला न्यायला यायचे, तिला एकटीलाच येगळा फ्रॉक घालायचे. बाकीच्यांना सारखे. तुमी आले तवा मला बी घातला होता."

तो फ्रॉक टराटरा फाडावा असं मला झालं.

सासूबाईंनी मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं वाटलं असतं. त्या उठून आत गेल्या. उरलेल्या कापडाचे त्यांनी उशांना अभ्रे शिवले होते. त्यातल्या एकाला कात्रीनं मान आणि हातांपुरती भोकं पाडली आणि तो लाल फ्रॉकवरूनच तिच्या डोक्यातून घातला. कडेचे दोरे लोंबत होते, खालून जाळी फुगलेली. फुगून बसलेल्या कोंबडीसारखं ध्यान दिसत होतं. पोरी फिदीफिदी हसल्या, जाऊबाईंनी डोळे वटारले. लेकीनं चौकट सोडली, दप्तर मात्र सोडलं नाही.

चर्चमध्ये ती माझ्या आणि सासूबाईंच्या मधे बसली. प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी डोळे मिटले. तिनं माझा कुर्ता ओढला, म्हणून मी वाकले.

"मला न्यायला कुणी आलं," ती कानात म्हणाली, "तर त्यांला सांगशील का, ती न्हाई येत म्हणून?"

"सांगते," मी म्हणाले. ऐन प्रार्थनेत, मोठ्यानं. पुढच्या बाकावरच्या बायकांनी वळून पाहिलं.