लोणारची दोनची गाडी

बुलढाण्याच्या कचेरीत आवक-जावक सांभाळणारे पंजाबराव लग्नाला निघोत की बारशाला, आधी पोस्टकार्ड टाकत. अमुक गाडीने येतो, अमुक वाजता पोचतो, अमुक गाडीने परततो. 'डोक्यातलं डोक्यासंगं जाते, कागदावरचं राह्यते,' असं त्यांचं म्हणणं. आपलं डोकं चांगलं तल्लख असूनही त्यांनी त्याच्यावर कधी भरवसा ठेवला नाही.

त्यांची बायको जनकाबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. पंजाबरावांनी पाटी आणली आणि रोज संध्याकाळी जोर लावून तिला अक्षरं गिरवायला लावली, आकडे घोटून घेतले. या शिकवणीचं फळ एक दिवस आपल्यालाच चाखावं लागणार आहे, याची त्या भल्या माणसाला काय कल्पना!

महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती. अकरा वर्षांच्या संसारात नवरा-बायको फिरायला म्हणून कुठे गेले नव्हते. त्या माघात पंजाबरावांनी शनिवारची रजा काढली, रविवार जोडून घेतला, पोरांना आजीकडे ठेवलं आणि फुलस्केप कागदावर सहल मांडली. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा आणि रविवारी दिवेलागणीला घरी. दोन दिवस, चार गावं, सात गाड्या.

"पाय मोकळे कराले जाऊन राह्यलो, का टपाल वाटाले?" जनकाबाईने विचारलं.

"वेळ थोडा हाये. नीट आखलं तं सारं होते."

तिने कागद हातात घेऊन बोट ठेवत ठेवत वाचला. 'मेहकर : अठरा मिनिटे. चहा, भजी, लघुशंका.' 'लोणार : सरोवर वरून पाहणे, चाळीस मिनिटे.' आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'कोकिळाबाईंची भेट : वेळ उरल्यास.'

जनकाबाईचं बोट तिथेच थांबलं. कोकिळा तिची लहानपणची मैत्रीण. दोघी एका आळीत वाढल्या, एका ओढ्यावर धुणं धुतलं, एकाच साली उजवल्या. कोकिळा लोणारला दिली, ही बुलढाण्याला आली. त्यानंतर भेट म्हणून नाही. आणि आता म्हणे, वेळ उरल्यास! तिने कागद घडी करून परत दिला.

शनिवारी पहाटे निघाले. मेहकरच्या स्टँडवर गरम भज्यांचा कागद हातात पडला. जनकाबाईने दुसरं भजं उचललं, तेवढ्यात पंजाबराव मनगटावरचं घड्याळ पाहत म्हणाले, "चल, सोळा मिनिटं झाली."

"आन् लघुशंका?"

"दोन मिनिटं हायेत ना अजून!"

स्वतःच्या वाट्याची दोन मिनिटं वापरायला ते गेले. कोट बायकोजवळ, कोटाच्या खिशात पेन, पेनाला गुंडाळलेला तो कागद. जनकाबाईने आजूबाजूला पाहिलं. कागद उलगडला. 'लोणारहून सुटणे : दुपारी २' असं लिहिलेलं होतं. दोनच्या पुढे जागा चांगली ऐसपैस होती. तिने नवऱ्याच्याच पेनाने, जीभ दाताखाली धरून, तिथे '-४५' लिहिलं, फुंकर घालून वाळवलं आणि उरलेली भजी शांतपणे संपवली.

लोणारला उतरले तेव्हा साडेबारा झाले होते. विवराच्या काठावर उभं राहून पंजाबरावांनी कागद काढला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पावणेतीनची गाडी हाये होय? मले वाटे दोनची. पाह्य जनका, म्हणून लिहून ठेवा लागते!"

"हाव ना," जनकाबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली. "मंग खाली उतरता येईन."

खाली उतरायला मोठी वाट होती. बाभळीच्या रानातून मोर ओरडत होते. पंजाबराव पहिल्यांदा मिनिटं मोजत उतरले, मग मोजणं राहून गेलं. काठाशी बसून त्यांनी त्या खाऱ्या पाण्यात हात चोळले, तर साबणासारखं बुळबुळीत लागलं आणि बोटावरचा वर्षानुवर्षांचा शाईचा डाग फिका पडला. मग काय! लहान पोरासारखे ते बोट घासत बसले. जनकाबाईने त्यांना असं रमलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिला हसू आलं.

धापा टाकत दोघं अडीचला स्टँडवर पोचले. तिथे एक कुत्रं होतं आणि खिडकीत स्टँडवरचा बाबू होता.

"दोनची गाडी दोनले गेली. आता सिंदखेडले उद्याच."

पंजाबरावांनी कागद पुढे केला. बाबूने तो वाचला आणि परत दिला. "कागद तुमचा हाये, साहेब. गाडी सरकारची हाये."

पंजाबराव पिशवीवर बसले. चेहरा असा उतरला की जणू वरिष्ठांनी झापलं. कागदाकडे पाहत हळूच म्हणाले, "जनका, माह्या हातून आकडा चुकला. असाच एखाद दिवशी फायलीत चुकला तं? म्हातारा झालो का वं मी?"

चाळिशीही न गाठलेला माणूस! जनकाबाईची सगळी मजा तिथेच संपली.

"तुमी नाई चुकले," ती म्हणाली. "दोन तुमचे. पंचेचाळीस माहे."

पंजाबरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला. पंचेचाळिसावर बोट ठेवलं. ती बोलणी खायची तयारी करून उभी.

"तरीच," ते म्हणाले. "पाचाचं पोट तू अजून उलटंच काढतं. किती डाव सांगतलं?"

आणि पुढे चालू लागले. चार पावलांवर थांबून, मागे न पाहता, म्हणाले, "कोकिळाबाईचं घर कोणीकडे हाये? का तेई मीच लिहून देऊ?"

कोकिळाच्या दारात आधी किंकाळी, मग मिठी, मग रडणं आणि लगेच हसणं, असं सगळं एकदम झालं. तिचा नवरा तुळशीराम 'जयभीम' म्हणत बाज टाकायला धावला. भाकरी, पिठलं, ठेचा झाला. दोघी बायका चुलीशी अशा बसल्या की दोनदा भाकरी करपली. कोकिळाचे केस कानाशी पांढरे झाले होते. जनकाबाईने त्यावरून हात फिरवला.

रविवारी सकाळी सातची गाडी होती. जनकाबाई तोंड धुऊन, लुगडं नेसून तयार. पंजाबरावांचाच पत्ता नाही. साडेसात झाले, आठ झाले. साडेआठला स्वारी तुळशीरामाबरोबर विवरातून वर आली. घोट्यापर्यंत चिखल, दहाही बोटं लख्ख.

"गाडी चुकली वाटते," त्यांनी गंभीर तोंडाने सांगितलं.

सिंदखेडराजा राहिलं, देऊळगावराजा राहिलं. अकराच्या गाडीने दोघं मेहकरवरून परत निघाले. चिखली आली तेव्हा पंजाबराव अचानक उठले. "चल, ताईकडे जाऊन येऊ." अन्नपूर्णाबाई त्यांची थोरली बहीण. ती अंगणात तूर पाखडत होती. न कार्ड, न निरोप, भाऊ-भावजय फाटकात उभे! तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"अगं माय! कोण गेलं रे पंजाब?"

"कोणी नाई गेलं, ताई," पंजाबराव म्हणाले. "भूक लागली."