कानाने स्वयंपाक करणारी आत्या

आमची धारची आत्या स्वयंपाक कानाने करायची. नैवेद्य दाखवायच्या आधी काही चाखायचं नाही हा घरचा नियम, त्यामुळे मिठाचा अंदाज हाताला आणि बाकीची जबाबदारी कानाला. फोडणी पडली की ती मान जराशी तिरकी करायची, गाणं ऐकावं तशी, आणि मोहरी अजून कच्ची आहे म्हणून सांगायची. देवासमोर बसल्या बसल्या आतल्या तव्यावरची पोळी उलटायला लावायची.

राजगढच्या शाळेत शिकवत असताना शेजारच्या तमिळ नर्सबाईंकडून ती राळ्याचे आप्पे शिकली. राळे, उडीद, मूग, हरभऱ्याची डाळ भिजवून वाटायचं, रात्रभर आंबवायचं आणि फोडणीत कढीलिंब, खोबऱ्याचे तुकडे. नर्सबाई त्याला पणियारम म्हणत. आत्या म्हणे, "नाव काहीही ठेवा, चर्र आवाज आला पाहिजे."

गेल्या वर्षी ती पडली. मांडीचं हाड जोडलं, पण खाणं सुटलं. अंगात प्रथिनं गेली नाहीत तर ह्या उठून चालणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. दुधातल्या पावडरीला तिने खडूचं पाणी म्हणून परत पाठवलं. तिची सून, म्हणजे आमच्या वहिनी, रडकुंडीला आल्या. शेवटी आत्याने जाहीर केलं, राळ्याचे आप्पे खाईन, पण देवासच्या भियाने केलेले. भिया म्हणजे आमच्याकडचा भैया, म्हणजे देवासला राहणारा मी. एका लग्नाच्या पंगतीत मी म्हणालो होतो की स्वयंपाकात एवढं काय असतं. ते तिने जपून ठेवलं होतं.

मग दर रविवारी आमची शिकवणी सुरू झाली. मी आप्पेपात्राशी फोन धरायचा आणि आत्याने धारला बसून ऐकायचं.

"भिया, पीठ पातळ झालंय."

झालेलं असायचं.

"आच मोठी आहे. आणि झाकण काय उघडतोस सारखं?"

माझ्या हातात झाकण असायचं. मी थक्क व्हायचो. बायकोला सांगायचो, कान पाहा बाईचा, सत्तर मैलांवरून झाकण ऐकते. बायको करपलेल्या आप्प्यांवर शेव भुरभुरायला लागली की फोनमधून यायचं, "आणि वरून शेव नको."

अखेर एकदा आप्पे गोल निघाले. मी पिठाचा डबा पिशवीत घालून धारची बस धरली. इंदूर सुटेपर्यंत पीठ उन्हाने फुगलं. शेजारचा माणूस म्हणाला, "भिया, तुम्हारा थैला रो रिया है." निम्मं पीठ माझ्या पँटवर होतं. उरलेलं घेऊन मी आत्यासमोर हजर झालो.

तिला ओट्याजवळ खुर्चीत बसवलं होतं. दंड काठीसारखे झाले होते. मी पात्र तापवलं, पीठ सोडलं, चर्र झालं. तिने मान तिरकी केली. तेवढ्यात तिच्या कानाशी कुकरची शिटी झाली. पाठोपाठ दुसरी. तिसरी थांबल्यावर आत्याने शांतपणे विचारलं, "वरणाची शिटी झाली का गं?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, शिटी, फोडणी असले चिरके आवाज त्यांना दोन वर्षांपासून येत नाहीत. मोठ्याने बोललेलं तेवढं कळतं. कानाचं यंत्र कपाटात पडून आहे."

"मग फोनवर काय ऐकत होतीस?" मी ओरडूनच विचारलं.

"तुला," आत्या म्हणाली. "लहानपणापासून घाईत आहेस तू. घाईच्या माणसाचं पीठ पातळ, आच मोठी, झाकण हातात. त्यात ऐकायचंय काय?"

मी आच बारीक केली. पहिला आप्पा तिने फुंकून, सावकाश खाल्ला. मग ताटली पुढे केली. वहिनी तोंड फिरवून कुकर उघडायला लागल्या.

त्या हिवाळ्यात आत्या काठी धरून अंगणापर्यंत चालली. उन्हाळ्यात झोपेतच गेली.

रविवारी आप्पे अजून होतात. मी फोन सवयीने ओट्यावर उभा करतो, लावत कुणालाच नाही. पीठ घट्ट राहतं, आच बारीक राहते. शेवेचा डबा मात्र मी हात धुऊन येईपर्यंत जागेवर नसतो. बायकोने तो लपवलेला असतो; आत्याने तिलाही वेगळा फोन केलेला दिसतो.