चार नंबरचा दिवा

आमच्या कारखान्यात त्यांना सगळे दिवेबाई म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही. मी नाही ठेवलं एवढं नक्की. मी ठेवलं असतं तर काहीतरी खवचट ठेवलं असतं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो आणि जीभ त्याच्याही दोन पावलं पुढे. बायको म्हणते, तुम्ही आधी बोलता आणि मग आठवडाभर तोंड लपवत फिरता. या वेळी आठवड्यावर भागलं नाही. तीन वर्षं झाली.

माझं काम ब्रेकच्या दिव्याचा स्विच बनवायचं. गाडीच्या ब्रेक पेडलच्या मागे अंगठ्याएवढा एक स्विच असतो. पेडल मोकळं असलं की ते स्विचची दांडी आत दाबून धरतं. पाय पडला की पेडल सरकतं, दांडी बाहेर येते, आतले दोन चांदीचे ठिपके एकमेकांना टेकतात आणि गाडीच्या मागे लाल दिवा लागतो. मागून येणाऱ्याला कळतं, पुढचा थांबतोय. संपलं. दिसायला एवढंसं काम, पण गाडी चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा कधीच दिसत नाही. तो बिचारा तुमच्या-माझ्या भरवशावर असतो. हे वाक्य मी नव्या पोरापोरींना पहिल्याच दिवशी ऐकवायचो, छाती फुगवून.

नवा स्विच बाजारात जायच्या आधी त्याची परीक्षा व्हायची, पाच लाख ठोक्यांची. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक जुनं यंत्र होतं. त्यात सहा स्विच ओळीनं बसवायचे. हवेच्या दाबावर चालणारी सहा दांडकी दर दोन सेकंदांनी खाली-वर व्हायची, आणि समोर फळीवर सहा दिवे लागायचे, विझायचे. लागून विझायला जेमतेम अर्धा सेकंद. दिवा लागला की नाही हे बघणारं एक उपकरण यंत्राला जोडलेलं होतं खरं, पण ते दर शंभराव्या ठोक्यालाच बघायचं. मधले नव्व्याण्णव कोण बघणार? दिवसपाळीला दिवेबाई बघायच्या.

फळीसमोर एक उंच स्टूल, मांडीवर नोंदवही, कानामागे पेन्सिल. अर्धा तास बघायचं, पाच मिनिटं डोळे मिटायचे, पुन्हा बघायचं. एकोणीस वर्षं हेच. दिवे म्हणजे त्यांना वर्गातली मुलं. "आज दोन नंबर जरा मंद आहे, झोप झालेली दिसत नाही." असं काहीतरी स्वतःशीच चालायचं. कुणी चिडवलं, की बाई, टीव्ही बरा दिसतोय ना, तर म्हणायच्या, "तुमच्यापेक्षा बरा. यात जाहिराती नाहीत." नोंदवहीत वेळ, ठोका, काय झालं, सगळं बारीक, टोकदार अक्षरात. ओळींच्या कडेला मधूनमधून छोटी छोटी टिंबं असायची. मी त्यांना कधी विचारलं नाही ती कसली. पेन्सिल टेकली असेल, असं धरून चाललो.

त्या वर्षी गाडीवाल्या कंपनीची तक्रार होती, की पेडल सोडताना दांडी कुईकुई करते. मी त्यावर एक ग्रीस शोधून काढलं. दांडीला बोटभर लावलं की आवाज गायब. मोठे साहेब, म्हणजे आमचे विभागप्रमुख, खूश. मी तर हवेतच. ग्रीस लावलेले सहा स्विच यंत्रावर चढवले. बारा दिवसांची परीक्षा, आणि सोमवारी गाडीवाले मंजुरी द्यायला येणार.

सातव्या दिवशी नोंदवहीत ओळ आली. 'चार नंबर. एकदा नाही लागला.' नवव्या दिवशी आणखी दोन. 'चार नंबर. नाही लागला. पुढच्याला लागला.'

मी वही घेऊन तरातरा त्यांच्या स्टुलापाशी गेलो. उपकरणाचा कागद कोरा होता, त्याला काहीच चूक सापडली नव्हती. प्रयोगशाळेत सात-आठ जण होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाई, तुमची पापणी लवली असेल."

त्यांनी दिव्यांवरची नजर काढली नाही. शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पापणी लवली तर सहाही दिवे चुकतील. माझी पापणी एकट्या चार नंबरवर कशी लवेल?"

कुणीतरी फिसकन हसलं.

आता खरं सांगतो, कारण ते सांगायलाच हे लिहायला बसलोय. त्या क्षणी मला पटलं होतं. अगदी लख्ख पटलं. आणि पटलं म्हणूनच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवार डोक्यावर होता, ग्रीस माझं होतं, आणि स्टुलावर बसणारी बाई मला सात जणांसमोर बिनतोड बोलून गेली होती. मी म्हणालो, "एकोणीस वर्षं दिवे बघून डोळ्यांचं काय झालं असेल, याचा विचार केलाय कधी? मुंगी आणि माणूस तरी वेगळे दिसतात ना अजून?" या वेळी कुणी हसलं नाही. मी पेन काढलं, तिन्ही ओळींवर आडवी रेघ मारली, शेजारी 'निरीक्षकाची चूक' असं लिहिलं आणि सही ठोकली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पण आपण केलं ते बरोबरच केलं हे दाखवायला माणूस आणखी खड्ड्यात जातो. मी कार्यालयाला चिठ्ठी पाठवली, की यांची नजर तपासून घ्यावी. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या डोळ्यांत बारीकसारीक काहीतरी निघतंच, तसं निघालं. दिवेबाई पॅकिंगला गेल्या, खोके दुमडायला. आठ महिन्यांनी त्यांनी नोकरीच सोडली. निरोपाच्या दिवशी मी मुद्दाम बाहेरचं काम काढून पळालो. त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती माझी.

सोमवारी मंजुरी मिळाली होतीच. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. स्विच गाड्यांत बसले.

दीड वर्षानं दुरुस्तीवाल्यांकडून कुरकुर सुरू झाली. ब्रेकचा दिवा कधीमधी लागत नाही. गाडी दाखवायला आणली की लागतो. गिऱ्हाईकाला वेड्यात काढून परत पाठवायचे. मग एका गाडीवर मागून दुचाकीवाला आदळला, त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तो ओरडून सांगत होता की पुढच्या गाडीचा दिवा लागलाच नाही. त्याचंही कुणी ऐकलं नाही. तुझंच लक्ष नव्हतं म्हणाले. अखेर एकतीस स्विचचं एक खोकं माझ्या टेबलावर येऊन पडलं.

त्यातले सहा मी स्वतः यंत्रावर चढवले आणि त्या उंच स्टुलावर बसलो. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाच नंबर लागला नाही. बाकीचे पाच लागले. पुढच्या ठोक्याला पाच नंबरही लागला, जसं काही झालंच नाही. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? आपली पापणी लवली असेल!

स्विच काढला, कापला, भिंगाखाली धरला. चांदीच्या ठिपक्यावर काचेसारखा बारीक कण. माझंच ग्रीस आत झिरपत होतं, ठिपके सुटताना जी ठिणगी पडते तिच्यात जळत होतं आणि त्याची काच होत होती. कण मधे आला की वीज अडते, पुढच्या ठोक्याला तो बाजूला सरकतो. दर शंभराव्याला बघणाऱ्या उपकरणाला तो सापडणार कसा? तो सापडायला प्रत्येक ठोका बघणारं माणूस लागतं. ते आमच्याकडे होतं. मी ते खोके दुमडायला पाठवलं होतं.

कंपनीनं सगळ्या गाड्या परत बोलावल्या, स्विच बदलून दिले, दुचाकीवाल्यापुढेही आपली चूक मान्य करून त्याची समजूत घातली. चौकशीत ठरलं, ग्रीसचा दोष, परीक्षेत लक्षात येणं अशक्य होतं. 'अशक्य' हा शब्द मोठ्या साहेबांनी माझ्या बचावासाठी घातला, आणि मी मूग गिळून बसलो. जुनी नोंदवही कपाटात होती. ती कुणी मागितली नाही. मी ती काढून पिशवीत घातली आणि रविवारी दुपारी दिवेबाईंचं घर शोधत गेलो.

तिसरा मजला, दोन खोल्या. दार सूनबाईंनी उघडलं. बाई खिडकीत बसल्या होत्या, डोळ्यांवर पूर्वी कधी नसलेला चष्मा, समोर नातीची वही. मला बघून उठल्या, "या साहेब" म्हणाल्या, पाणी मागवलं. काही झालंच नाही अशा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाणी प्यायच्या आधीच सगळं ओकलो. कण, ग्रीस, तीन ओळी, माझी रेघ.

ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुणाला लागलं का हो?"

मी दुचाकीवाल्याचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "म्हणजे माझे डोळे नीट होते?"

"नीट होते."

"मी स्कूटर सोडली साहेब. नातीला मागं बसवून शाळेत सोडायचे रोज. पॅकिंगला टाकलं त्या आठवड्यात चावी भाच्याला देऊन टाकली. म्हटलं, समोरचा दिवा मला दिसत नाही, उद्या पोरीला कुठं घेऊन आदळले तर?" त्या थांबल्या. "रस्ता ओलांडताना सूनबाईंचा हात धरते मी. तीन वर्षं."

आतून सूनबाई म्हणाल्या, "मी किती वेळा म्हटलं, आई, तुम्हाला सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवता येतो."

"अगं, पण साहेब म्हणाले होते ना."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून वही पुढे केली. त्यांनी रेघ मारलेलं पान काढलं, तीन ओळींवरून बोट फिरवलं. मग कडेच्या एका टिंबावर टेकवलं.

"हे काय आहे ते ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही."

"शिंक आली, मान वळली, डोळा चोळला, की एक टिंब. त्या ठोक्याला मी पाहिलं नाही, असं धरायचं. पहिल्या दिवसापासून करतेय. माझी पापणी कधी लवली ते सगळं या वहीत आहे साहेब." बोट तीन ओळींपाशी आलं. "इथं टिंब आहे का?"

नव्हतं. तिन्ही ओळींना नव्हतं.

मी मान खाली घालून म्हणालो, "बाई, माझं चुकलं. मला माफ करा."

त्यांनी वही मिटली आणि माझ्या हातात दिली. आवाज चढला नाही, पण असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. "इथं बंद दाराआड म्हणताय होय? मला खोटं पाडलंत ते सगळ्यांच्या देखत. मी सोमवारी येते. दहाला."

घरी आलो. बायकोला सांगितलं. ती नुसतं एवढंच म्हणाली, "जा मग."

सोमवारी दहाला प्रयोगशाळेत माणसं जमवली. मोठे साहेब हाताची घडी घालून उभे. त्यांना मी आधीच सांगितलं होतं. "अहो, प्रकरण मिटलंय, कशाला उकरून काढता?" एवढंच त्यांचं म्हणणं. त्या दिवशीचे पाच जण अजून कामावर होते, बाकी नवी पोरं-पोरी. दिवेबाई वेळेवर आल्या. चष्मा नव्हता. हातात स्कूटरची चावी होती. त्या जाऊन सगळ्यांच्या मागे, यंत्रापाशी उभ्या राहिल्या.

मी वही उघडली. वाचलं: "'चार नंबर. एकदा नाही लागला.' ही नोंद खरी होती. बाकीच्या दोनही. त्या मी खोडल्या. बाईंचं म्हणणं मला तेव्हाच पटलं होतं, तरी खोडल्या. परीक्षेत दोष लक्षात येणं अशक्य नव्हतं. तो लक्षात आला होता." जवळच्या दोघांनाच ऐकू जाईल एवढ्या हळू मी वाचत होतो. मोठे साहेब जमिनीकडे बघत होते. मी वही मिटायला गेलो.

मागून दिवेबाई म्हणाल्या, "साहेब, जरा मोठ्यानं. त्या दिवशी तुमचा आवाज दारापर्यंत आला होता."

मी वही पुन्हा उघडली आणि पहिल्यापासून वाचलं, मोठ्यानं.