आधी मागचं वाचा

सभा सुरू झाली की शेवंताक्का चष्मा काढून पदराच्या टोकात गुंडाळायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, “भाऊसाहेब, आधी मागचं वाचा.”

भाऊसाहेब म्हणजे मी. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या गावच्या नगरपालिकेत मी सभेचं इतिवृत्त लिहिणारा कारकून होतो. प्रत्येक सभेचा पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. पण वाचायला कोणी लावत नसे. मी वही उघडली की सगळे ‘कायम, कायम’ म्हणून मोकळे होत. शेवंताक्का निवडून आल्या आणि ही सोय संपली. ठरावाचा सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोधात कोण बोललं, हे सगळं त्या शब्दन्‌शब्द ऐकून घेत. अक्षरं लावून वाचायला त्यांना फार वेळ लागायचा, म्हणून भरवसा कानांवर. एकदा कोणीतरी कुरकुरलं. त्या म्हणाल्या, “गिऱ्हाईक माझं वांगं दाबून बघितल्याबिगार घेत न्हाय. मग मीच का न बघता घ्यावं?”

त्या बाजारतळावर भाजी विकायच्या. माहेर शेळगाव, घर भीमनगरात. राखीव जागेवर निवडून आल्या म्हणून पहिल्या दिवशी काहींनी नाकं मुरडली. अक्का प्रत्येकाच्या पुढं जाऊन ‘जयभीम’ म्हणाल्या आणि उलट उत्तर येईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. त्या दिवशी सभा अर्धा तास उशिरा सुरू झाली.

पुढं शहर सुधारणेसाठी सरकारी निधी आला. एकच मोठं काम होण्याइतका. नगराध्यक्षांना वेशीवर दिव्यांची स्वागत कमान हवी होती. “बारामती बघायला लांबलांबनं माणसं येत्यात, आन् आपल्या वेशीवर साधी कमान न्हाय,” असं ते महिनाभर सांगत होते. अक्कांचं म्हणणं वेगळं होतं. आसपासच्या गावांतून बाया पहाटे माल घेऊन येतात, दिवस बुडाल्यावर परततात आणि बाजारतळावर त्यांच्यासाठी साधी मुतारी नाही. म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. निधीतून बाजारात महिलांसाठी स्वच्छतागृह बांधावं, असा ठराव अक्कांनी मांडला. एक सदस्य म्हणाले, असले विषय सभेत शोभत नाहीत. बाकीचे हसले. अक्का हसल्या नाहीत.

भर उन्हाळ्यातली सभा. अक्कांनी घरून मोठ्या किटलीतून ताक आणलं होतं, जिरं-मीठ लावून. सगळ्यांनी दोन-दोन पेले घेतले, विरोधकांनी तर तीन. अक्कांनी ओठसुद्धा ओला केला नाही.

अडीच तास वाद झाला. मतदान पुकारलं तेव्हा दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. ठरत नव्हते ते एकटे तात्या, सभागृहातले सर्वांत वडीलधारे. तेच नेमके खुर्चीतून उठले आणि म्हणाले, पाच मिनिटांत जाऊन येतो.

“तात्या, बसा,” नगराध्यक्ष घाईघाईनं म्हणाले. त्यांनाही ते मत हवं होतं. तात्या बसले. अक्का शांतपणे म्हणाल्या, “भाऊसाहेब, ठराव परत एकदा वाचा. सावकाश.” मी वाचला. एव्हाना सभागृहातले निम्मे गुडघे हलत होते. अक्कांनी अनुमोदकाचं नावही पुन्हा वाचायला लावलं. मग त्या तात्यांकडं वळल्या.

“दोनच पेले ताक हाय, तात्या. अडीच तास झालं. आमच्या बाया पहाटंपासनं दिवस बुडंस्तवर बसत्यात.”

तात्यांनी हात वर केला. “जिंकलीस गं, शेवंता. लिव रे माझं नाव,” म्हणाले आणि जवळजवळ पळतच बाहेर गेले. एका मतानं ठराव पास झाला. तात्यांच्या मागोमाग दारात जी गर्दी झाली, तीत ठरावाच्या बाजूचे कोण आणि विरोधातले कोण हे कळत नव्हतं. अक्का मात्र जागेवर बसून पदरानं तोंड झाकून हसत होत्या.

आता माझं सांगतो. दुसऱ्या दिवशी नगराध्यक्षांनी मला बोलावलं. ठराव राहू द्या, पण सूचक म्हणून आमच्या पुतण्याचं नाव लिहा, म्हणाले. पुतण्या सदस्य होता आणि त्यानं मत विरोधात दिलं होतं. मला हेडक्लार्क व्हायचं होतं. त्यासाठी सही त्यांची लागत होती. मी पुतण्याचं नाव लिहिलं.

पुढच्या सभेत अक्कांनी डोळे मिटले. “आधी मागचं वाचा.” मी वाचलं. कागदावर पुतण्याचं नाव होतं आणि मी मोठ्यानं वाचलं, “सूचक, शेवंताबाई.” अक्कांनी समाधानानं मान हलवली. “कायम,” म्हणाल्या.

स्वच्छतागृह झालं. भिंतीत कोनशिला बसली, तिच्यावर पुतण्याचं नाव. अक्कांनी ती सुनेकडून वाचून घेतली आणि मग तिला घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. इतिवृत्ताचं पान त्यांनी मला सुनेपुढं उघडायला लावलं; तिनं तिथंही पुतण्याचंच नाव वाचलं. मला वाटलं, आता सगळ्या कचेरीसमोर माझी लाज काढतील. त्या हळूच म्हणाल्या, “दाराला आतनं कडी लागती, तेवढं मला बास हाय. पर भाऊसाहेब, तुमी वाचलं तवा माझं डोळं मिटल्यालं हुतं. चूक माझी बी हाय.”

त्यानंतर त्यांनी सभेत डोळे मिटले नाहीत. खुर्ची माझ्या शेजारी ओढून त्या प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत. अक्षर लागलं नाही तर मला थांबवत. मुदत संपेपर्यंत त्या माझ्याइतकंच सफाईनं वाचू लागल्या होत्या. मी हेडक्लार्क झालो, निवृत्त झालो. अक्का गेल्या, तेव्हा बाजारतळ दिवसभर बंद होता. मी मागच्या रांगेत उभा होतो.

यंदा मी नगरपालिकेला अर्ज दिला. ते नाव मी खोटं लिहिलं आणि वाचतानाही फसवलं, हे सहीनिशी कबूल केलं. आताच्या नगराध्यक्षा तरुण आहेत. त्यांनी दुरुस्तीचा ठराव सभेपुढं ठेवला आणि तो वाचायला मलाच बोलावलं. मागच्या बाकांवर बाजारातल्या बाया पाट्या सोडून आल्या होत्या.

मी कागद उचलला. अक्कांची सून सुनंदा आता त्यांच्या जागी भाजी विकते. कोणी न सांगता ती उठून माझ्याशेजारी आली आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवून उभी राहिली. मी वाचत गेलो, बोट सरकत गेलं.

“सूचक, शेवंताबाई.”

बोट थांबलं. सुनंदानं ते नाव दोनदा वाचलं आणि मान वर केली.

“व्हय,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हितं तसंच लिहिलंय.”

मग सगळी सभा म्हणाली, “कायम.” आणि मागच्या बाकांवरून, सदस्यांपेक्षा मोठ्यानं, बाजारातल्या बाया म्हणाल्या, “कायम.”