भावजीची साखर

माझं डोकं सर्वांत जास्त कशानं फिरतं सांगू? "तो देवाचो माणूस गो," ह्या वाक्यानं. आमच्या पेडण्याच्या बाजूला हे एकदा कुणी म्हटलं की पुढचं बोलणं संपलं. मग त्या माणसाला ताप असो, खरूज असो, नाही तर पायाला भोक पडलेलं असो. देवाचा माणूस आहे, देव बघून घेईल. देवाला दुसरी कामंच नसल्यासारखं!

हा देवाचा माणूस म्हणजे माझा दीर. नवऱ्याचा धाकटा भाऊ, पण माझ्याहून मोठा. जन्मापासून त्याची वाढ वेगळी. गोल चेहरा, बारीक तिरपे डोळे, जड जीभ. डॉक्टर त्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. मी आमोण्याची, लग्न होऊन चोपड्यापलीकडच्या ह्या गावात आले तेव्हा रीतीप्रमाणे त्याला अहो-जाहो करायला गेले, तर तो मागे वळून बघायचा, दुसरं कोण आलंय म्हणून. शेवटी मी 'भावजी' ठेवलं आणि 'तू' वर आले. त्याला ते पटलं.

लोक म्हणतात, अगदी लहान मुलासारखा आहे. कसला लहान मुलासारखा! गावातल्या कुठल्या घरात चहा किती वाजता होतो, कुणाच्या घरी एकादशीला खीर असते, कोणाची मुलगी सासरहून येताना काय आणते, सगळं ह्याला तोंडपाठ. सकाळी पेज जेवला की शर्टाची वरपर्यंत बटणं लावून निघायचा. चहाचं हॉटेल, मग देऊळ, मग वरचा वाडा, खालचा वाडा, सगळं गाव पालथं घालून दुपारी घरी. आल्यावर जेवायला भूक कुठून असणार? पोट लाडवांनी भरलेलं.

कारण गावात त्याचं एक शास्त्र होऊन बसलं होतं. कुणी नवी स्कूटर आणली, होडी पाण्यात घालायची असली, मुलगी बघायला निघायचं असलं, की आधी भावजीच्या हातावर काहीतरी गोड ठेवायचं. तो हसला म्हणजे काम होणार. आणि तो हसायचाच! लाडू मिळाल्यावर कोण रडतो? शिवाय दारात आला की त्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, ते पाप. सासूबाई होत्या तोवर त्यांनाही ह्याचं केवढं कौतुक. आपल्या मुलाला गाव मान देतं, आईला आणखी काय हवं? मी काही बोलले की "तुका कळाचा नाय," म्हणून मला गप्प करायच्या.

सासूबाई गेल्या आणि वर्षभरात भावजी बदलला. सारखं पाणी प्यायचा. अंथरूण ओलं करायला लागला. वाटेत दमून कुंपणाच्या दगडावर बसायचा. मी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे नुसतं पाहिलं हो, हात लावला नाही, आणि मला म्हणाले, "अशी माणसं लवकर म्हातारी होतात. आई गेल्याचं मनाला लागलं असेल. असंच चालायचं." आणि झोपेची गोळी लिहून दिली. दुसऱ्या कुणी ह्याच तक्रारी सांगितल्या असत्या तर आधी रक्त तपासलं असतं. ह्याचं काय तपासायचं? ह्याला आधीच एक दुखणं आहे ना, सगळं त्याच्याच खात्यावर टाका. आणि मी मूर्ख, ती गोळी घेऊन घरी आले.

मग एक दिवस त्याच्या पायातून वास यायला लागला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, आत पू. "दुखत नाही तुला?" मी ओरडले. तो हसून म्हणाला, "ना." खरंच दुखत नव्हतं, तीच तर भीती होती. आरोग्य केंद्रात नवी डॉक्टरीण आली होती, तिनं बोटाला टोचून रक्त बघितलं आणि आकडा बघून परत एकदा टोचलं. मग मला बाजूला न घेता, त्याच्याच समोर बसून त्यालाच सांगितलं, "तुमच्या रक्तात साखर फार झालीय. गोड बंद. रोज चालायचं. साखर खाली आली नाही तर हा अंगठा काढावा लागेल, मग कदाचित पाय." भावजीनं दोन्ही हातांनी आपला अंगठा धरला. आजवर एवढ्या डॉक्टरांत त्याच्याशी बोलणारी ही पहिलीच.

घरातली साखर मी त्याच दिवशी कुलपात घातली. पण घरात कुलूप घालून काय उपयोग? साखर गावात होती.

मी हॉटेलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "वयनी, सकाळची भवानी त्याच्या हातान होता. त्याका च्या-बन दिल्याशिवाय गल्ल्यात हात कसो घालू?" म्हटलं, बिनसाखरेचा चहा द्या. तर तोंड असं केलं, जणू मी विष घालायला सांगितलं. शेजारची काकी तर शिरगावच्या जत्रेहून गुळात घोळलेल्या खाज्याचा पुडा घेऊन आली, खास भावजीसाठी. मी तो तिच्यासमोर परत केला. "बाये, वायच खाज्यान काय जाता?" काकी म्हणाली. म्हटलं, "पाय जातो, काकी." तिनं पदराला डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं त्याला तेच खाजं भरवलं. मी चुलीशी होते, जनेलाच्या गजांतून दिसलं. जळ्ळं मेलं हे प्रेम!

नवरा वीज खात्यात. खांबावर चढून तारा जोडील, पण गावातल्या कुणाला 'नको' म्हणताना त्याची जीभ टाळ्याला चिकटते. "अगो, जाऊ दे. एका लाडवानं काय होतंय? लोकांचं मन कशाला मोडायचं?" म्हटलं, "मन मोडलं तर जोडता येईल, अंगठा तोडला तर तुम्ही चिकटवणार आहात काय?" तो पेपर उचलून सोप्यावर जाऊन बसला.

आणि गावात काय बोलणं चाललं होतं ते माझ्या कानावर यायचंच. सख्खी बहीण असती तर भावाला असं उपाशी ठेवलं असतं काय? वहिनी ती वहिनीच. सासू गेली, आता दिराची अडचण झालीय. हे ऐकून मला रात्ररात्र झोप नाही. त्याच्या जखमेतला पू मी काढते, पट्टी मी बदलते, आणि उपाशी मारणारीही मीच!

शेवटी माझा बांध फुटला. गुरुवारचं भजन संपून आरती झाली, पंचखाद्याचं ताट फिरायला लागलं आणि भटजींनी पहिली मूठ भावजीच्या हातावर ठेवली. मी बायकांतून उठले, सरळ पुढे गेले, ती मूठ त्याच्या हातातून काढून ताटात टाकली आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं बोलले. भावजीला खाली बसवलं, त्याच्या पायाची पट्टी सोडली आणि म्हटलं, "या, बघा. हे तुमच्या लाडवांनी केलंय. ह्यापुढे ज्याला ह्याचा पाय हवाय त्यानं ह्याला गोड द्यावं." नवरा खांबाआड उभा राहून जमिनीकडे बघत होता. काकी रडायला लागली. मला वाटलं, हां, आता शिरलं डोक्यात.

शिरलं. पण काय शिरलं ते मला पुढे कळलं.

गाव सुतासारखं सरळ झालं. कुणी गोड द्यायचं नाव काढेना. भावजीची साखर उतरायला लागली, जखम कडेनं भरायला लागली, आणि मी मनात म्हणाले, बघा, एकदा तोंड वाजवलं की कामं होतात. मग भावजी फेरीवरून लवकर घरी यायला लागला. दुपारी यायचा तो दहा वाजायच्या आधीच परत. मग एक दिवस बटणं लावून सोप्यावरच बसून राहिला. मग बटणंही लावेना. पेज अर्धी टाकायचा. विचारलं, काय होतंय, तर मान फिरवायचा.

मी आधी त्याच्यावरच वैतागले. "डॉक्टरणीनं चालायला सांगितलंय, ऊठ!" म्हणून हाताला धरून बाहेर काढलं आणि त्याच्या मागून, जरा अंतर ठेवून गेले. हॉटेलशी पोचला. हॉटेलवाल्यानं त्याला पाहिलं आणि भजी तळता तळता पाठ फिरवून आत गेला. भावजी बाकाशी थोडा वेळ उभा राहिला आणि पुढे निघाला. वरच्या वाड्यात एक बाई अंगणात केर काढत होती, ती केरसुणी टाकून घरात शिरली. आणि काकी? चाळीस वर्षांपूर्वी ज्याला तिनं मांडीवर घेतलं, कडेवर घेतलं, त्याला येताना बघून तिनं दार लोटलं. आतून कडी घातल्याचा आवाज मला रस्त्यावर ऐकू आला.

मी मागच्या दारानं तिच्या स्वयंपाकघरात घुसले. "काकी, काय चाललंय हे?"

"तूच सांगलंस ना," ती म्हणाली. "गोड देवचा नाय. मग दारात इल्लो तर त्याका रिकाम्या हातान कसो धाडू? पाप लागतला माका. त्यापेक्षा येवकच नको."

मी कपाळावर हात मारला. "अगो, मी गोड देऊ नका म्हटलं! बोलू नका म्हटलं होतं काय?"

"नुसता बोलून कसा भागतला?" काकी म्हणाली. तिचाही आवाज चढला. "देवाच्या माणसाक नुसता बोलून धाडू?"

म्हटलं, शेंगदाणे दे, काकडी दे, ताक दे. तर म्हणे दुखणेकऱ्याचं खाणं देवाच्या माणसाच्या हातावर कसं ठेवायचं? आता ह्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं, मला सांगा! ह्या लोकांना त्याच्यावर जीव लावायची एकच रीत ठाऊक. ती बंद केली तर त्यांनी जीव लावणंच बंद केलं, आणि तेसुद्धा पापाला भिऊन. दुष्ट असते तर मी भांडले असते. दुष्ट एकही नाही, सगळे रडतात, आणि सगळे दार लावतात.

डॉक्टरीण साखरेचा आकडा बघून खूश झाली. मग भावजीकडे बघून तिचा चेहरा उतरला. "हा चालत नाही का? बोलत का नाही? असा बसून राहिला तर साखर पुन्हा चढेल, आणि पाय परत चिघळेल. ह्याला माणसांत ठेवा." म्हटलं, "डॉक्टर, गोळ्या फार्मसीत मिळतात. माणसं कुठून आणू?" तिनं पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली. मी संध्याकाळी त्याला घेऊन नदीच्या वाटेनं चालायला लागले. पण तो माझ्यामागून फरफटत यायचा. वहिनीबरोबर चालणं म्हणजे औषध. त्याला फेरी हवी होती.

मग गणपतीची चवथ आली. आमच्याकडे चवथीला आरतीवाले पुरुष घुमट-शामेळ ही वाद्यं घेऊन घराघरांत जातात, एकही घर वगळत नाहीत, आणि भावजी दरवर्षी त्यांच्यात कांसाळं, म्हणजे मोठी झांज, वाजवायचा. ताल असा धरायचा की भल्याभल्यांनी गप्प बसावं. ह्या वर्षी त्याला बोलवायला कुणी आलं नाही. ते आमच्या घरी आले तेव्हा कांसाळं दुसऱ्याच कुणाच्या हातात होतं. आरती सुरू झाली. भावजी भिंतीला टेकून बसला होता. माझा नवरा, तोच, ज्याची जीभ टाळ्याला चिकटते, मधेच उठला, त्या माणसाच्या हातातून कांसाळं काढून घेतलं आणि भावाच्या हातात दिलं. भावजीनं वाजवायला सुरुवात केली आणि घुमटवाल्याला आपोआप जोर चढला.

आरतीनंतर मी ताटातून भाजलेले शेंगदाणे वाटले, सगळ्यांना तेच. काहींनी तोंडं वाकडी केली, खुशाल करोत. मंडळी शेजारी काकीच्या घराकडे निघाली. भावजी कांसाळं घेऊन त्यांच्यामागून निघाला, आणि मी त्याच्यामागून.

माणसं आत, गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली जाऊन उभी राहिली. काकी दारात गोड नेवऱ्यांचं ताट घेऊन होती. भावजीला बघून ती थबकली. ताटाकडे बघते, त्याच्याकडे बघते, हात पुढे होईना की मागे जाईना. ह्या घरात तो रांगत शिरलेला. ह्या घराचा उंबरा ओलांडायला त्यानं जन्मात कधी कुणाला विचारलं नव्हतं.

तो उंबऱ्याबाहेरच थांबला. कांसाळं त्यानं बगलेत धरलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन घट्ट बांधले, तिला त्यावर काही ठेवताच येऊ नये म्हणून.

"काकी," तो म्हणाला, "येव काय?"

काकीनं ताट छातीशी धरलं. घुमट थांबलं होतं. सगळे दाराकडे बघत होते.

"अगो, ये म्हण त्याका!" मी मागून ओरडले. "हातात काय घालू नको, काय देऊ नको. नुसतं ये म्हण!"